पाण्याला लावलेला कान

इंग्रजीतील 'हिअर' आणि 'लिसन' या दोन क्रियापदांत नेमका फरक कोणता, आणि तो फरक शिकवणे हेच एका माणसाचे आयुष्य कसे होऊन बसले, हा या लेखाचा प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर कोणत्याही बऱ्या व्याकरणात सापडते. दुसऱ्या भागाचे उत्तर मला नवापूरच्या एका घरात भाड्याने राहून मिळाले, आणि ते संपूर्ण मिळाले असे मी आजही म्हणणार नाही.

त्या माणसाला आमच्या शाळेत सगळे लिसन मास्तर म्हणत. त्यांचे खरे नाव मुख्याध्यापकांच्या तोंडीसुद्धा क्वचित येई. त्यांची पहिली लकब अशी की, त्यांना काही विचारले की ते डोळे मिटत, डावा कान तुमच्याकडे करीत आणि उजव्या हाताचा पंजा आडवा धरीत. तो पंजा खाली येईपर्यंत वर्गात कोणी पाय हलवायचा नाही. दुसरी लकब माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मास्तर कोणत्याही प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देत नसत. मुलाचे वाक्य चुकले तर ते म्हणत, "अजून एकदा ऐक." मुलाने सुट्टी मागितली आणि ती द्यायची नसली, तर म्हणत, "उद्या विचार." शिक्षकांच्या खोलीत चहा नको असला, तर कपावर हात ठेवीत. मी गणित शिकवणारी. माझ्या विषयात नकाराला चिन्ह असते आणि त्याशिवाय चालत नाही. त्यामुळे हा माणूस 'नाही' कसा टाळतो हे पाहण्याचा मला छंदच लागला.

ही गोष्ट साठीच्या दशकातली, तारापूरच्या किनाऱ्यावर विजेच्या प्रकल्पाचे काम निघाले त्या वर्षांतली. मी केळव्याची, पानवेलीच्या वाडीत वाढलेली. शिक्षण पालघरला झाले आणि पहिली नोकरी बोईसरजवळच्या एका शाळेत लागली. प्रकल्पावर परप्रांतांतून माणसे येऊ लागली होती, आणि गुरांच्या गोठ्यालाही भाडे मिळू लागल्याने शिक्षिकेला परवडेल अशी खोली बोईसरात उरली नव्हती. तेव्हा मुख्याध्यापकांनी मास्तरांना सांगून त्यांच्या नवापूरच्या घरातली ओटीलगतची खोली मला मिळवून दिली. घरात मास्तर, चाळिशी ओलांडलेले, विधुर; त्यांची म्हातारी आई, जिला गाव आणि नंतर मीही 'आय' म्हणू लागले; आणि त्यांची धाकटी भावजय हिरा. हिराचा नवरा, म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ धर्मा, मी तिथे जाण्याच्या काही वर्षे आधीच समुद्रात गेला होता. जाळे ओढताना तो पाण्यात पडला. बोट परत आली, तो आला नाही. नवापूर, दांडी, सातपाटी, केळवे, कुठल्याच किनाऱ्याला त्याचा देह लागला नाही.

घरात त्याच्याविषयी बोलताना भूतकाळ वापरीत नसत. आय म्हणे, "धर्माला तिखट लागतंय." हिरा म्हणे, "त्यांना ऊन सोसत नाय." नवऱ्याचे नाव तोंडात आणायचे नाही, ही तिकडची रीत, त्यामुळे हिराच्या बोलण्यात तो नेहमी 'ते' असे. प्रथम मला वाटले, धाकटा मुलगा कामानिमित्त कुठे बाहेरगावी असेल. तिसऱ्या चौथ्या दिवशी शेजारणीने मला बाजूला घेऊन खरे काय ते सांगितले, आणि वर बजावले की या घरात हा विषय काढायचा तर आयसारखाच काढायचा.

आता मास्तरांच्या धड्याकडे येते. आठवीपासून इंग्रजी सुरू होई, आणि मॅट्रिकपर्यंत ही दोन क्रियापदे ते दरवर्षी नव्याने शिकवीत. वर्गाला डोळे मिटायला लावीत. मग विचारीत, "काय ऐकू आले?" मुले सांगत: ट्रकचा आवाज, कावळा, बोईसर स्टेशनातली शिट्टी, बाजूच्या वर्गातले पाढे. मास्तर म्हणत, "हे सगळे तुम्ही न बोलावता आले. हे हिअर. आता पुन्हा डोळे मिटा आणि फक्त त्या झावळीचा आवाज शोधा." वर्ग शांत होई. मग म्हणत, "हे लिसन. इथे तुम्ही गेलात. आवाज आला की न आला, हा पुढचा प्रश्न."

मग ते फळ्याकडे वळत. नियम थोडक्यात असे. 'हिअर'च्या पुढे कर्म सरळ येते, 'लिसन'ला कर्म हवे असेल तर मध्ये 'टू' लागतो. कारण, मास्तरांच्या भाषेत, ऐकायला निघालेल्या माणसाला वाट हवी. 'आय ॲम लिसनिंग' बरोबर. 'आय ॲम हिअरिंग' सहसा चूक, कारण कानावर पडणे हे आपण चालू किंवा बंद ठेवू शकत नाही. मराठीत हाच भेद आपण वेगळ्या रीतीने दाखवतो. 'मी ऐकतो' यात कर्ता मी आहे. 'मला ऐकू येते' यात मी चतुर्थीत जाऊन बसलो आहे आणि कर्तेपण आवाजाकडे गेले आहे. मास्तर म्हणत, इंग्रजांना दोन शब्द लागले, आपल्याला एक विभक्ती पुरली. 'हिअर'चा आणखी एक प्रयोग आहे, 'हिअर फ्रॉम', म्हणजे दूरच्या माणसाकडून खबर येणे. पुस्तकात तो होता. मास्तर तो उतारा मुलांना घरी वाचायला सांगत आणि पुढचे पान उलटत.

एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांना विचारले, की दोन शब्दांवर तुम्ही आठवडा कसा घालवता, बाकीची भाषा केव्हा शिकवणार? मास्तरांनी पंजा आडवा धरला. साहेबही नकळत गप्प झाले. खिडकीबाहेर कुठेतरी मिठागरावरचा पंप चालू होता. तो सगळ्यांना एकदम जाणवला. मास्तर नम्रपणे म्हणाले, "साहेब, हा पंप आपण आल्यापासून चालू आहे." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिले ते ठाऊक नाही, पण जाताना ते मास्तरांशी जरा हळू आवाजात बोलत होते.

प्रकल्पावर नोकऱ्या निघाल्या तेव्हा तर मास्तरांचा धडा गावोगाव नावाजला. शाळेचा एक जुना विद्यार्थी तिथे मुलाखतीला गेला होता. बाहेर काँक्रीट ढवळणारे यंत्र घरघरत होते. परदेशी इंजिनियर काहीतरी बोलला आणि मग ऐकतोस ना, असे त्याने विचारले. मुलगा म्हणाला, "आय ॲम लिसनिंग सर, बट आय कॅनॉट हिअर." इंजिनियर खूप हसला आणि त्याला कामावर घेतले. पोराने पेढे आणून मास्तरांच्या पाया पडून ही हकिकत सांगितली. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मास्तरांनी पेढा हातातच धरला. मग म्हणाले, "त्याने खरे ते सांगितले. किती सहज सांगितले."

त्यांच्या या कानाचे मूळ कुठे आहे, ते मला नवापूरला कळले. त्यांचे वडील बोटीवर ऐकणारे होते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. घोळ, ढोमा अशा काही माशांचे थवे पाण्याखाली आवाज करतात. गुरगुर म्हणा, टकटक म्हणा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत पाणी फार ओढत नाही, आणि भरती संपून ओहोटी लागण्याआधी ते क्षणभर थांबल्यासारखे होते. तेव्हा ऐकणारा माणूस वल्ह्याचे पाते पाण्यात सोडतो आणि दांड्याचे टोक कानाला लावतो. लाकडातून आवाज वर येतो. त्या वेळी बोटीवर कोणी बोलत नाही, कोणी विडी पेटवत नाही. ऐकणारा पंजा आडवा धरतो, आणि पंजा खाली येईपर्यंत सारी बोट थांबते. तो दाखवील तिकडे जाळे पडते. त्याने ऐकलेले दुसरा कोणी कान लावून तपासत नाही. तसे करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. आणि ऐकणाऱ्याने पाळायचा एक नियम होता. काही ऐकू आले नाही, तरी 'नाय' म्हणायचे नाही. पाण्यावर 'नाय' म्हटले की बोटीचे दैव तुटते, अशी समजूत. त्याऐवजी तो म्हणतो, "पानी बोलतंय." मग बोट पुढे जाते आणि पुन्हा थांबते.

बापाने दोन्ही मुलांना हे शिकवले. धर्मा बोटीवर राहिला. थोरला पालघरच्या शाळेत गेला, पदवीधर झाला, मास्तर झाला. पण गावातले जाणते म्हणत की कान थोरल्याचाच चांगला.

धर्मा गेल्यावर आयने या थोरल्या मुलाला एकच गोष्ट मागितली होती. पाणी थांबेल त्या त्या संध्याकाळी त्याने छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जायचे आणि धर्मासाठी कान लावायचे. मी तिथे राहायला गेले तेव्हा हे कित्येक वर्षांचे झाले होते. शाळेतून आल्यावर मास्तर सदरा काढून ठेवीत, वल्हे खांद्यावर घेत आणि पुळणीकडे, किनाऱ्याच्या वाळूकडे, जात. आय ओटीवर जवळा, म्हणजे बारीक सुकी मासळी, निवडीत बसलेली असे. ते परतले की ती मान वर न करता विचारी, "काय, मास्तर?" मुलाला तीही मास्तरच म्हणे. मास्तर वल्हे भिंतीला टेकवून म्हणत, "पानी बोलतंय, आये." म्हातारीचा चेहरा निवे. ती एवढेच म्हणे, "हाय म्हंजे." आणि मग दुसऱ्या दिवशी बोटी किनाऱ्याला लागल्या की हिराने मासळीची पाटी घेऊन पुळणीवर जायचे.

हे शेवटचे वाक्य समजावून सांगायला हवे. बोट लागली की घरची बाई पाटी घेऊन आपल्या माणसाला सामोरी जाते आणि मासळी डोक्यावरून आणते. ज्या बाईचे माणूस बोटीवर नाही, ती जात नाही. हिरा जाई. आय तिला पाटी धुऊन हातात देई. धर्मा ज्या बोटीवर होता त्या बोटीपाशी ती उभी राही; तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, न बोलता मूठभर मासळी तिच्या पाटीत टाकी; आणि ती परत येई. गावाने याला कधी नाव ठेवले नाही, की कधी थांबवले नाही. तिच्या कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. वय पंचविशीच्या आतबाहेर.

अशातच दांडीहून जयराम नावाच्या एका विधुर नाखव्याकडून, म्हणजे बोटीच्या मालकाकडून, विचारणा आली. रीतीने आली, दोन वडीलधारी माणसे घेऊन. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागतो, त्याला कोणी कमी मानत नाही. पण आधी ती विधवा ठरायला हवी. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेवढा विधी झाला की मार्ग मोकळा. पाहुण्यांनी हे अदबीने सुचवले. आयने त्यांना चहा दिला, सुपारी दिली आणि शांतपणे उत्तर दिले की, ज्या दिवशी मास्तर 'नाय' म्हणेल त्या दिवशी ती स्वतःच्या हाताने सुनेच्या बांगड्या उतरवील. पाहुणे म्हणाले, आम्ही शिमग्यापर्यंत वाट पाहू. त्यापुढे घरात लहान मुलगी आहे, तिला आई हवी.

त्या दिवसापासून घरातल्या तिघांना आणि मलाही एकच प्रश्न पडला होता: मास्तर 'नाय' म्हणतील की नाही. हिराने माझ्याजवळ विषय काढला तो विहिरीवर. थोरल्या दिराशी तोंडाने बोलायचे नाही, हाही तिकडचा संकोच. काही सांगायचे झाले तर ती आयला सांगे किंवा भिंतीला. ती म्हणाली, "बाई, तो माणूस वाईट नाय. त्याची पोर मला बाजारात बघून हसली. पण आय बोलली, मास्तर नाय बोलतील त्या दिशी. तुमी येवढे दिस बघताय. मास्तर कवा नाय बोललेत?"

ती घागर भरीत म्हणाली, "मी पाटी घेऊन जाते ना, तवा बोटीवरची मानसं माझ्या तोंडाकडं बघत नाय. पायांकडं बघतात. मेलेल्याच्या घरी गेल्यावर बघतात तशी."

शाळेतून घरी येताना मी मास्तरांना सरळ विचारले. वाट मिठागरांच्या बांधावरून होती. मी म्हणाले की, आपण मुलांना शिकवता त्याप्रमाणे पाहिले तर आपण दर भांगाला ऐकता, पण आपल्याला ऐकू काही येत नाही. मग आयना तसे का सांगत नाही? ते चालत राहिले. म्हणाले, "मी तिला खोटे सांगितलेले एक वाक्य दाखवा, बाई. पाणी बोलते आहे, एवढेच सांगतो. ते खरे आहे." मी म्हणाले, त्या काय समजतात तेही आपल्याला ठाऊक आहे. मिठागरे संपून सुरूची झाडे लागली. मग थांबून, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "धर्मा एकदा पाण्यात गेला, ते मी पाहिलेले नव्हते. आता तो माझ्या तोंडून जाईल. आणि त्याच्या मागोमाग म्हातारी." पुढे म्हणाले, "हिराचे मला दिसते, बाई. दर वेळी ठरवून जातो. वल्हे भिंतीला टेकवले की तोंडात बापाचे शब्द येतात."

शिमगा जवळ आला. पळस फुलला होता. डोंगराकडची माणसे मोळ्या घेऊन बोईसरच्या बाजारात येत, त्यांच्या डोक्यावरच्या भाऱ्यांतही ती लाल फुले अडकलेली दिसत. एका संध्याकाळी मास्तर वल्हे घेऊन निघाले आणि त्यांच्या मागून हिरा. तिने माझ्या खोलीच्या दाराशी थांबून फक्त म्हटले, "बाई, तुमी बी या." पुळण संपून खाडीचा काठ लागतो तिथपर्यंत मी गेले. बायकांनी तिथेच थांबायचे असते. होडीत पाय ठेवायचा नाही. मास्तरांनी होडी ढकलली. हिराने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली आणि होडीत चढली.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग तेही चढले. होडी आपोआप थोडी पुढे सरकली. काठापासून ती लांब नव्हती. पाणी थांबलेले, वारा पडलेला, त्यामुळे मला तिथले सगळे स्वच्छ ऐकू येत होते. मास्तरांनी सवयीने पाते पाण्यात सोडले. हिरा त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "दादा, वल्हं द्या."

त्यांनी पंजा आडवा धरला. वर्गात धरीत तसा, बोटीवर त्यांचा बाप धरीत असेल तसा. तिने तो पंजा पाहिला आणि तरीही हात पुढे केला. ऐकणाऱ्याच्या कानाचे वल्हे दुसऱ्याने मागायचे नसते, आणि बाईने तर नाहीच. मास्तरांनी ते दिले. मला अजून वाटते, त्या क्षणी त्यांनी डोळे मिटले ते सवयीने नव्हते.

तिने दांडा उजव्या कानाला लावला. घाई केली नाही. पाणी पुन्हा हलू लागेपर्यंत ती तशीच वाकून होती. आधी चेहऱ्यावर काही नव्हते, मग तिने ओठ दाबले. मग ताठ होऊन वल्हे आडवे ठेवले आणि म्हणाली, "मासळी हाय, दादा. पानी हाय. धर्मा नाय."

नवऱ्याचे नाव मी तिच्या तोंडून तेव्हा प्रथम ऐकले, आणि पाण्यावर 'नाय' हा शब्दही प्रथम ऐकला. दोन्ही तिने एका दमात उच्चारले. मास्तर होडीत खाली बसले.

घरी आय नेहमीसारखी ओटीवर होती. मान वर न करता तिने विचारले, "काय, मास्तर?" मास्तरांनी वल्हे भिंतीला टेकवले. ओल्या लुगड्याने मागे उभी असलेली हिरा म्हणाली, "आज मी ऐकलं, आये. नाय."

म्हातारीचे हात जवळ्यात थांबले. तिने प्रथम मुलाकडे पाहिले. मग सुनेला जवळ बोलावले आणि विचारले, "कुठला कान?" हिराने उजव्या कानाला हात लावला. आयने आपला खरखरीत, ओला तळवा त्या कानावर ठेवला आणि तसाच राहू दिला, जणू आत अजून काही असेल तर ते तिला हाताला लागणार होते. ती रडली नाही. मास्तरांना ती म्हणाली, "तू नाय बोलला असतास तर मी तुला खोटा ठरवलं असतं. ही कशाला खोटं बोलंल. हिचं तर कुंकू हाय त्यात." मग तिने हिराचा हात मांडीवर घेतला आणि मला सांगितले की डोंगरातली मोळीवाली आली की तिच्याकडून पळसाची पाने मागून घ्या, चांगली मोठी घ्या.

विधी झाला. शिमगा उलटल्यावर हिराचा पाट लागला आणि ती दांडीला गेली. ती निघाली तेव्हा आयने तिच्या हातात पाटी दिली, तीच, म्हणाली, "आता भरून आन." म्हातारी त्यानंतर लगेच गेली असे नाही, मास्तरांची भीती खरी ठरली नाही. ती पुढे कितीतरी काळ जगली, गाढ झोपू लागली, आणि धर्माविषयी बोलताना सरळ भूतकाळ वापरू लागली. "धर्माला तिखट लागायचं," ती म्हणे, आणि स्वतःच हसे.

भूतकाळ मास्तरांना जमला नाही. माझी अपेक्षा अशी होती की आता त्यांना संध्याकाळ मोकळी मिळेल. पण पाणी थांबायच्या दिवसांत ते पूर्वीसारखेच वल्हे खांद्यावर घेऊन जात. परतायला मात्र उशीर होऊ लागला. आल्यावर ते ओटीच्या पायरीशी क्षणभर उभे राहत, प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे. आय जवळा निवडीत असे; ती काही विचारीत नसे. मग ते वल्हे टेकवून आत जात. शाळेत तोच धडा, तसाच आडवा पंजा, तसेच "अजून एकदा ऐक". मात्र आता मुले वाक्य बरोबर सांगत तेव्हाही ते कधी कधी तेच म्हणत, आणि मुले गोंधळून एकमेकांकडे पाहत.

ते जाऊन आता फार वर्षे झाली. ते गेले तेव्हा मी पालघरला संसारात होते. नवापूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीने बाजारात गाठून मला सांगितले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राहिले आहे ते मात्र त्याआधीचे, मी नवापूर सोडले त्या संध्याकाळचे. माझे लग्न ठरले होते, सामान बैलगाडीत चढले होते. निरोप घ्यायला मी पुळणीवर गेले. मास्तर होडीत होते. मी त्यांना विचारले, की हिराचे मार्गी लागले, आयनी मान्य केले, मग आता तुम्ही कशासाठी येता?

त्यांनी पंजा आडवा धरला नाही. म्हणाले, "आईसाठी येत होतो तेव्हा परत जाऊन तिला सांगायचे असे. त्यामुळे कान काढावाच लागे. आता तसे बंधन उरलेले नाही." हे त्यांच्या तोंडून ऐकलेले पहिले 'नाही'. त्यांना ते कळलेही नसावे. मग त्यांनी होडी काठाला घेतली आणि वल्ह्याचे टोक माझ्यासमोर धरले. म्हणाले, "बाई, तुमचा माझ्या शिकवण्यावर विश्वास होता. आज तपासून घ्या."

मी काठावर गुडघे टेकून कान लावला. जे ऐकू आले ते क्रमाने लिहिते. प्रथम लाकडातून माझ्याच रक्ताचा ठोका. मग पाण्याचा एक सलग, खोल सूर, ज्याला काठ नव्हता. मग दूरवर माशांची टकटक, अगदी ओटीवर कोणी बोटांनी वाजवावे तशी, थांबून थांबून. याखेरीज काही नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण गाडीवानाने हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, अखेर तो पुळणीवर उतरून आला, तरी मला कान काढावासा वाटेना. त्या टकटकीनंतर काहीतरी येईल असे वाटत होते; माझे तर तिथे कोणी गेलेलेही नव्हते. शेवटी मास्तरांनीच हळूच वल्हे काढून घेतले.

या दोन शब्दांतला फरक मी वर लिहिला आहे, पण वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. किनाऱ्याशी ज्यांची ओळख आहे त्यांनी भांगाच्या दिवसांत, पाणी थांबलेले असताना, एखादे वल्हे मागून घ्यावे, पाते पाण्यात सोडावे आणि टोक कानाला लावावे. काय ऐकू येते ते पाहावे. आणि ऐकणे आपल्याला केव्हा थांबवता येते, तेही स्वतःच तपासावे, ही विनंती.